निल्सचं कोरं कार्ड

आर्विड ओडेगार्डच्या बोटांना ठसेच उरले नव्हते. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर आणि उरलेला सगळा वेळ गाई, कुंपणं नि सरपण यांत गेल्यावर उरणार तरी काय? शेरीफच्या कचेरीतल्या मुलीनं त्याचा अंगठा शाईत बुडवून तीनदा उलटसुलट फिरवला होता आणि शेवटी हात टेकले होते. "आजोबा, ही बोटं आहेत की उकडलेले बटाटे?"

तेव्हापासून बोटांचं खातं इंगाकडे आलं. गाई विकून अकरा वर्षं झाली होती, पण त्यांच्या सडांना लावायचं मलम अजून फडताळात होतं. ठसे घ्यायचे दिवस जवळ आले की ती रोज सकाळी नवऱ्याचे हात आपल्या मांडीवर ओढायची आणि एकेक बोट धरून ते मलम चोळायची. या रविवारीही, चर्चला जायच्या आधी, ती तेच करत होती.

"हळू. कातडं निघेल," आर्विड म्हणाला.

"निघू दे. खाली माझ्या लग्नातले हात सापडतील."

"काय?"

"काही नाही. हात म्हटलं."

आर्विडनं कानातलं यंत्र अजून घातलं नव्हतं. उजव्या कानानं त्याला यंत्राशिवाय थोडंफार ऐकू यायचं, डावा मात्र पार गेलेला. इंगा डाव्या बाजूला बसली होती, म्हणजे तिला काहीही बोलायची मोकळीक होती. "आज निल्स येतोय," ती त्या कानाशी म्हणाली. "आणि तू शर्ट तोच घातलायस."

आर्विड खिडकीबाहेर पाहत राहिला. पण त्याची बोटं तिच्या हातात जरा ताठ झाली, त्यावरून तिला कळलं की त्याच्याही डोक्यात तेच चाललं आहे.

त्यांचा मुलगा निल्स पाच वर्षांनी येत होता, आणि येत होता तो घरच्या ट्रस्टमधून आपलं नाव काढून घ्यायला.

या ट्रस्टचं नाव मोठं होतं, पण मालमत्ता पाहिली तर डबे तीन. बंदुकीच्या नळीच्या टोकाला बसवायच्या सायलेन्सरला या घरात डबा म्हणत. सिनेमातल्यासारखा तो बंदूक मुकी करत नाही. आवाज व्हायचा तो होतोच, फक्त कानाला सोसवेल एवढा होतो. घरी डबा करायचा तर त्याची रीत ठरलेली: आधी अर्ज, मग महिनोन्महिने वाट, वॉशिंग्टनहून शिक्क्याचा कागद आला की मगच लेथ सुरू. आणि तयार डब्यावर ट्रस्टचं नाव नि गावाचं नाव कोरायचं. आधी काम नि मागून कागद असं केलं तर सरळ तुरुंग. आर्विडला ही रीत मनापासून आवडायची. "आधी कागद, मग काम," असं तो नातीलासुद्धा शिकवायचा. आयुष्यात त्यानं घाई एकदाच केली होती आणि ती निस्तरून संपत नव्हती.

डबे घरातल्या सगळ्यांना कायद्यानं वापरता यावेत म्हणून सहा वर्षांपूर्वी ट्रस्ट केला तेव्हा त्यात त्यानं चार नावं घातली: स्वतःचं, इंगाचं, मुलगी मारितचं नि मुलगा निल्सचं. तीन डबे झाले. एक त्याचा, एक मारितचा, आणि एक इंगाच्या छोट्या रायफलीचा, कारण तिच्या कोबीवर घुशींचा फार जीव. मग सरकारनं नियम बदलला. आता ट्रस्टमधल्या प्रत्येकानं दर अर्जाबरोबर आपल्या दहाही बोटांचे ठसे द्यायचे, दोन-दोन कार्डांवर. एकाचे जरी राहिले तरी अर्ज अडला.

निल्सचे राहिले. त्याचं नाव ट्रस्टमधून काढायला आर्विडची एक सही पुरली असती. तीन वर्षं झाली, ती सही काही तो करत नव्हता. चौथा डबा नातीसाठी, लिनेयासाठी, व्हायचा होता. पुढच्या मोसमात ती बारा वर्षांची होऊन आजोबांबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार होती, आणि तिची आई मारित म्हणत होती की उघड्या नळीच्या रायफलीशेजारी माझी मुलगी उभी राहणार नाही. राहिली तर माझ्या प्रेतावरून.

असा सगळा गुंता होता, आणि तो सोडवायचा विडा मारितनं उचलला होता.

*

मारित चर्चमधून थेट आली. एका हातात बटाट्याचा नि खिम्याचा भाजलेला ट्रे, दुसऱ्या हातात कागदाची खाकी पिशवी. लिनेयाला ती मुद्दाम नवऱ्यापाशी ठेवून आली होती. मुलीचं तोंड म्हणजे उघडी खिडकी, आणि आज घरात वारा नको होता.

"कागद आणलास?" इंगानं विचारलं.

"आणला. एकच पान आहे. त्यानं सही करायची की आपण होऊन राजीनामा देतोय. पांच्या सहीची गरजच नाही." मुलं आर्विडला पा म्हणत, इंगाला मा.

"आणि त्याला काय सांगितलंस?"

मारित ट्रेवरचं फडकं उगाच नीट करू लागली. "तेच. की ये नि सही कर."

"मारित."

"मा, आत्ता नको. आत्या येईल."

तिनं दोघांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. भावाला लिहिलं होतं की पांना तुझं नाव काढून हवंय, पण तोंडानं म्हणवत नाही. बापाला सांगितलं होतं की निल्सला मोकळं व्हायचंय, इतकी वर्षं अडवलंत, आता अडवू नका. दोन्ही अर्धवट खोटं. पण तीन वर्षं दर जानेवारीत तिनं आपली बोटं काळी करून घेतली होती, दरवर्षी नवा फोटो दिला होता, आणि दरवर्षी तो लिफाफा टपालात न जाता मांच्या बिस्किटांच्या डब्यात गेला होता. जो मुलगा येत नाही त्याच्यासाठी जागा राखायची, आणि जी मुलगी दर रविवारी ट्रे घेऊन येते तिनं थांबायचं. हा कुठला न्याय, असं तिला वाटे, आणि वाटलं की लाजही वाटे.

"तो घरी आला तर पुरे मला," इंगा म्हणाली. "कशासाठी का येईना. तुझ्या बाजूनं आहे मी, पण रडारड नको."

"रडणार कोण आहे?"

"मी आहे. म्हणून सांगते."

*

दुलूथहून निघाल्यापासून चार तास निल्सनं गाडीत रेडिओ लावला नव्हता. त्याच्या डाव्या कानात आपला रेडिओ होताच, सव्वीस वर्षं एकच स्टेशन: रातकिडा. चौदा वर्षांचा होता तेव्हा, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, बापाशेजारी झाडावरच्या मचाणात तो बसला होता. सांबराएवढं हरीण समोर आलं आणि बापानं घाईनं, त्याच्या डोक्यावरून, कानापासून वीतभर अंतरावर बार काढला. हरीण पडलं. निल्स कान धरून खाली बसला तेव्हा बाप म्हणाला होता, "उद्या सकाळपर्यंत जाईल."

ते कधी गेलंच नाही. निल्स तेव्हा फिडल वाजवायचा, चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका त्याला ऐकायला पुढच्या बाकावर बसायच्या. वर्षभरात त्यानं फिडल खोक्यात ठेवलं. डाव्या खांद्यावर धरायचं वाद्य आणि डाव्या कानात रातकिडा, कसं जमणार? पुढे तो लाकूडकामाकडे वळला, उत्तम खुर्च्या करू लागला. पाच वर्षांपूर्वीच्या नाताळात बापानं मोठ्या कौतुकानं पहिला डबा त्याच्या हातात ठेवला होता. "यापुढे या घरात कुणाचा कान जायचा नाही." निल्सनं तो टेबलावर ठेवला होता. "एकवीस वर्षं उशीर झाला, पा," एवढंच म्हणून कोट घातला होता आणि तो निघून गेला होता.

आणि आता हे नावही काढायचं म्हणत होते. काढा म्हणावं. चार तास तो स्वतःला सांगत होता की आपल्याला काही वाटत नाहीये. दरीतलं पहिलं वळण आलं, लाल कोठार दिसलं, आणि गाडी बाजूला घेऊन त्याला जरा वेळ थांबावं लागलं.

दारात मा होती. तिनं त्याला मिठी मारली आणि सवयीनं उजव्या कानाशी बोलली. "बारीक झालास."

"नाही गं. जाड झालोय."

"मग खोटं तरी नीट बोलू दे ना आईला."

आर्विड मागे उभा होता. त्यानं शर्ट बदलला होता. "रस्ता कसा होता?"

"ठीक."

"हायवेचं काम चालू आहे म्हणे."

"आहे."

"हं," आर्विड म्हणाला. पाच वर्षांचं बोलणं तिथेच संपलं. दोघंही ओडेगार्ड.

*

व्हर्ना आत्या, आर्विडची धाकटी बहीण, चर्चचा ऑर्गन वाजवायची आणि गावाची नोटरीही तीच. लिंबाच्या वड्यांचा थाळा टेबलावर आणि पर्स मांडीवर ठेवून ती म्हणाली, "बाराला पॅकर्सची फुटबॉल मॅच आहे. त्याच्या आत ज्याला जे सोडायचंय ते सोडा, धरायचंय ते धरा."

"आधी जेवू," इंगा म्हणाली.

"आधी कागद, मग काम," व्हर्ना म्हणाली. "तुझाच नवरा म्हणतो."

बसायच्या जागांचा या घरात नेहमी घोळ. बापलेक दोघांचेही डावे कान गेलेले, त्यामुळे शेजारी बसले की एकालाच ऐकू यायचं. डावीकडे बसणाऱ्याला दुसऱ्याचं सगळं ऐकू येई, उजवीकडच्याला काही नाही. इंगानं त्यांना समोरासमोर बसवलं आणि मधला फुलांचा चंबू उचलून खिडकीत ठेवला.

मारितनं कागद पुढे सरकवला. निल्सनं न वाचता खिशातून पेन काढलं.

"थांब!" व्हर्नानं त्याच्या मनगटावर चापट मारली. मग चष्मा चढवला, पर्समधून शिक्का काढला, पाठ ताठ केली. "आता मी तुझी आत्या नाही. आता मी विस्कॉन्सिन राज्य आहे. तुझं नाव?"

"आत्या, तू माझं नाक पुसलंयस."

"राज्यानं कुणाचं नाक पुसलेलं नाही. नाव?"

"निल्स आर्विड ओडेगार्ड."

"हा कागद वाचलास? नाही. मग मी वाचते." तिनं तो खणखणीत आवाजात वाचला, चर्चमध्ये सूचना वाचतात तसा. मग चष्म्यावरून पाहिलं. "ही सही तू स्वतःच्या मर्जीनं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, अशी करतोयस?"

हे वाक्य व्हर्ना हजार वेळा बोलली असेल. गाडी विकताना, शेत विकताना, आणि समोरच्यानं न ऐकता मान हलवलेली तिला पाठ होती. निल्सनं मान हलवली नाही. तो पेनाकडे पाहत राहिला.

"माझी मर्जी कशाला मध्ये?" तो म्हणाला. "त्यांना नाव काढून हवंय, मी काढून देतोय."

"कुणाला?" आर्विड म्हणाला.

"तुम्हाला."

"मला?" आर्विडनं कानातलं यंत्र बोटानं दाबलं, चुकीचं ऐकल्यासारखं. "मला कशाला हवंय? तुला मोकळं व्हायचंय ना?"

"मी कधी म्हणालो?"

इंगानं हळूच मारितकडे पाहिलं, व्हर्नानं मारितकडे पाहिलं, आणि शेवटी बापलेकांनीही पाहिलं. व्हर्नानं शिक्का परत पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "राज्य निघून गेलं," ती म्हणाली. "आता आत्या आहे. बोल, पोरी."

मारितचे कान लाल झाले होते. "हो. मीच. दोघांना खोटं सांगितलं. मग काय करू? हे लिहीत नाहीत, तो येत नाही. मधल्या मध्ये माझी मुलगी रोज विचारते, आजोबांचा कागद आला का. काय सांगू तिला? कागद जातच नाही, कारण तुझ्या मामाची जागा रिकामी आहे आणि आजोबांना ती रिकामीच बघायला आवडते?"

"कसली जागा?" निल्सनं विचारलं.

"तुला माहीत नाही? हं. कशी असेल माहीत. सांगायचं नाही अशी शपथ होती ना!"

"मारित, पुरे," आर्विड म्हणाला.

"पुरे नाही," इंगा म्हणाली. सकाळी ती मुलीच्या बाजूनं होती, नंतर कुणाच्याच नव्हती. आता ती उठली. फडताळाच्या वरच्या कप्प्यातून तिनं डेन्मार्कच्या बिस्किटांचा निळा डबा काढला, ज्यात या देशात कुणाच्याच घरी बिस्किटं नसतात, आणि निल्सच्या पुढ्यात ठेवला. "उघड."

"इंगा," आर्विड म्हणाला.

"तू गप्प बस. तीन वर्षं तुझे हात चोळतेय मी. तेवढा हक्क आहे माझा."

*

आत तीन लिफाफे होते, तीन वर्षांचे. निल्सनं वरचा उघडला. अर्ज पूर्ण भरलेला होता, बापाच्या ठोकळ्यासारख्या अक्षरात, फक्त तारीख घालायची राहिलेली. मग ठशांची कार्डं. इंगाची बोटं नाजूक, रेषा न् रेषा मोजता येईल अशी. मारितची स्पष्ट, जरा रागानं दाबलेली. आर्विडची म्हणजे दहा काळे डाग, त्यांत कुठे कुठे एखादी वळणाची रेघ.

शेवटचं कार्ड कोरं होतं. दहाही चौकोन रिकामे. पण वर नाव होतं: ओडेगार्ड, निल्स आर्विड. जन्मतारीख. डोळे निळे. उंची सहा फूट एक. वजनाच्या रकान्यात मात्र आकडा पेन्सिलीनं लिहिला होता, आणि त्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह.

निल्सनं दुसरा लिफाफा उघडला. तेच कार्ड, तेच नाव. वजन पेन्सिलीनं, दुसरा आकडा, प्रश्नचिन्ह. तिसऱ्यात तिसरा आकडा. दर जानेवारीत कुणीतरी या टेबलाशी बसून, आपला मुलगा आता केवढा झाला असेल, याचा अंदाज बांधला होता.

त्यानं तिन्ही कार्डं एकावर एक ठेवली, आणि त्याला स्वतःचाच राग आला. इतक्या स्वस्तात विरघळायचं नव्हतं त्याला. "नाव ठेवलंत," तो म्हणाला. "पण एक पत्र, पा? एक फोन?"

आर्विडनं टेबलावरचा चमचा सरळ केला. "तू म्हणालास, उशीर झाला."

"मग?"

"मग काय. उशीर झालेल्या माणसानं दार वाजवू नये. दिवा लावून ठेवावा आणि बसावं. असं वाटलं मला."

"दिवा दिसायला मी होतो कुठे इथे? चार तास लांब होतो!"

"ते माझ्या लक्षात आलं नाही," आर्विड म्हणाला, आणि खरोखरच ते त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं हे सगळ्यांना दिसलं.

व्हर्नानं नाक शिंकरलं. "ओडेगार्डांच्या अकलेचं लोणचं घातलं तर बरणीसुद्धा भरणार नाही," ती म्हणाली आणि लिंबाची एक वडी तोंडात टाकली.

इंगानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "अजून वाजतं?"

"आत्ता वाजतंय, मा."

सव्वीस वर्षांत हे तिनं विचारलं नव्हतं. उत्तर ठाऊक होतं म्हणून विचारलं नव्हतं. तिचा हात खांद्यावरून हलला नाही.

निल्स मारितकडे वळला. "लिनेयाला खरंच जायचंय? की सगळे ढकलतायत?"

"रोज विचारते रे," मारित म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "माझं ऐकत नाही. तुझ्यासारखीच आहे. मला फक्त... तिच्या कानात ते वाजायला नको."

निल्सनं कोरं कार्ड बाजूला सरकवलं. मग त्यानं राजीनाम्याचा कागद उचलला, चारदा घडी घातली, आणि डगडगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. हे टेबल डगडगतं हे तो आल्यापासून त्याच्यातल्या सुताराला खुपत होतं.

"शाई आणा," तो म्हणाला. "तिच्यासाठी."

*

शेरीफच्या कचेरीनं हात टेकल्यापासून या घरात ठसे घ्यायचं काम आर्विडचं. शाईची पट्टी, काच, छोटा रूळ, सगळं त्यानं शेडमधून आणलं. इंचाच्या हजाराव्या भागाइतका धातू कापणारे हात, पण आज रूळ काचेवर खडखडत होता. त्यानं निल्सच्या उजव्या बाजूला उभं राहून त्याचा उजवा अंगठा धरला.

मुलाचा हात त्यानं शेवटचा कधी धरला होता? मचाणाच्या शिडीवरून खाली उतरवताना असेल.

"सैल सोड," तो म्हणाला. "तू नाही फिरवायचं. मी फिरवतो."

अंगठा काचेवर, मग कार्डावर, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. उचलल्यावर चौकोनात काळा डाग उमटला, मधोमध दोनच रेघा.

"अरे," आर्विड म्हणाला. "तुझीही गेली."

"पॉलिश पेपर. वीस वर्षं."

"बटाटे," इंगा म्हणाली. "बापाचे बटाटे, लेकाचे बटाटे. सरका." तिनं मलमाचा डबा आणला, मुलाची दहाही बोटं चोळली, पुसली, पुन्हा चोळली. निल्सला हसू आलं. "मा, हे गाईचं आहे."

"गाई कधी तक्रार करत नव्हत्या."

मग रेषा उमटू लागल्या. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. उजवा हात झाला. मारितनं कपडा दिला, व्हर्ना घड्याळाकडे पाहायचं विसरली. आर्विड खुर्चीला वळसा घालून डावीकडे आला आणि त्यानं निल्सचा डावा हात घेतला.

डावा अंगठा झाला. तर्जनी झाली. हे बोट फिडलच्या तारांवर पहिलं पडायचं, आर्विडला आठवलं. त्यानं ते शाईवर फिरवलं नाही, नुसतं धरून ठेवलं. मान खाली घालून तो बोलला. घोगऱ्या, हळू आवाजात बोलला, शेडमध्ये एकटा असताना वर्षानुवर्षं बोलला असेल तसा.

निल्सला कानाशी श्वासाची ऊब जाणवली. शब्द एकही आला नाही. तिकडे फक्त रातकिडा होता.

समोर बसलेल्या मारितला मात्र सगळं ऐकू आलं. तिनं तोंडावर हात धरला. क्षणभर वाटलं, गप्प राहावं, हे आपल्यासाठी नव्हतंच. पण ती पुढे झुकली. "पा," ती मोठ्यानं म्हणाली. "पा, तो त्याचा गेलेला कान आहे."

आर्विडनं वर पाहिलं. निल्सनंही वर पाहिलं. "काय म्हणालात?"

असं मोठं काही माणूस आयुष्यात एकदा बोलतो, तेही जेमतेम. पुन्हा बोलायचं म्हणजे डोंगर दोनदा चढायचा. आर्विड चुळबुळला, त्यानं दाराकडेही एकदा पाहिलं. मग निल्सचं बोट न सोडता खुर्चीला उलटा वळसा घातला, निल्सला हात ओढला जाऊन अर्धवट वळावं लागलं, आणि गुडघा दुखत असताना तो त्याच्या उजव्या बाजूला खाली बसला.

"तो बार मी घाईनं काढला," तो म्हणाला. "तुझा कान तिथे होता हे मला दिसत होतं. हरीण निघून जाईल म्हणून मी काढला. आणि तू रडलास तेव्हा म्हणालो, उद्या सकाळपर्यंत जाईल. मला तेव्हाच माहीत होतं की जाणार नाही. माझाही असाच गेला होता. तरी म्हणालो. मला माफ कर, निल्स."

इंगा उभ्या उभ्या रडत होती, सांगितल्याप्रमाणे.

निल्स काहीतरी बोलला. हळूच बोलला, दोनतीन शब्द. पण आता आर्विड चुकीच्या बाजूला होता. लेकाला ऐकू जावं म्हणून तो अशा जागी बसला होता, जिथे त्याचा स्वतःचा गेलेला कान लेकाकडे होता. त्यानं यंत्र चाचपलं. "हं? काय म्हणालास?"

निल्सनं पुन्हा बोलायचा प्रयत्न केला आणि त्याला जमेना. त्यानं खाली पाहिलं. बापाच्या मुठीत इतका वेळ धरलेल्या तर्जनीची शाई दोघांच्या हातांना फासली गेली होती, कार्डावरही एक लांब काळा ओरखडा उमटला होता.

"खराब झालं," आर्विड पुटपुटला. "हे वॉशिंग्टन घेणार नाही."

निल्सनं निळ्या डब्यातून दुसऱ्या वर्षाचं कोरं कार्ड काढलं आणि बापापुढे ठेवलं. वजनाच्या रकान्यातला पेन्सिलीचा आकडा आणि प्रश्नचिन्ह त्यानं अंगठ्यानं पुसलं, तर तिथे शाईचा ठसा उमटला. मग त्यानं उजवा हात पुसून, बोटं सैल सोडून, पहिल्यापासून घ्यायला बापाच्या हातात दिला.